निळ्या कपातलं तेल

१

ज्या बाटलीमुळे बाबांची अब्रू गेली, ती बाटली त्यांच्याच कपाटात निघाली. इस्त्रीच्या शर्टांमागे, जुन्या मफलरमध्ये गुंडाळून, एखादा दागिना जपावा तशी.

त्यांची मुलगी कपाट आवरायला आली होती. बाबा गेल्यावर घरातलं हे एवढंच काम कुणी केलं नव्हतं. खालच्या मजल्यावर काका राहायचे, पण ते म्हणाले होते, "दादाच्या कपड्यांना माझा हात लागणार नाही पोरी, तूच बघ." म्हणून ती सुट्टी टाकून आली. विमा कंपनीत दाव्यांची शहानिशा करणं हा तिचा पेशा. जळालेली गोदामं, उलटलेले ट्रक, चोरीला गेलेला आणि मुळात कधी नसलेलाच माल. माणसानं काय लपवलंय ते नंतर शोधा, आधी काय जपून ठेवलंय ते बघा, असं ती नव्या सहकाऱ्यांना सांगायची. आता मांडीवर ती बाटली घेऊन बसल्यावर तिला स्वतःचंच बोलणं नकोसं झालं.

तपकिरी काच, गळ्याशी फुटलेली लाख, लाखेवर बाबांच्या शिक्क्याचा अर्धा ठसा.

अंगणापलीकडे काकांचा तेलघाणा होता. बिया न भाजता, न तापवता, सावकाश दाबून तेल काढणारा. धाकटा भाऊ घाणा चालवायचा आणि थोरला तेल पारखायचा. बाबांनी पसंत केल्याशिवाय तेलाचा एक डबा फाटकाबाहेर जात नसे. पसंत केलेल्या प्रत्येक तेलाची एक बाटली ते भरत, लाखेनं बंद करत आणि नमुन्यांच्या कपाटात ठेवत. पुढे कुणी तक्रार केलीच, तर ती बाटली साक्षीला.

तशी तक्रार आली. सूर्यफुलाचा एक मोठा माल परत आला. घाणेवाल्यांच्या संघाची माणसं जमली, सगळ्यांसमोर बाटली फोडली गेली आणि आतलं तेलही खराब निघालं. म्हणजे परीक्षकानं खराब तेल चांगलं म्हणून पाठवलं. बाबा उभे राहून एवढंच म्हणाले, "माझी चूक झाली." संघानं त्यांचा परवाना काढून घेतला. पुढे त्यांचं जेवण कमी झालं, मग बोलणं कमी झालं, आणि एका सकाळी ते खुर्चीतून उठलेच नाहीत.

तळाशी थोडं तेल उरलं होतं. तिनं बूच काढलं आणि सवयीनं नाक जवळ नेलं.

मेणाच्या खडूंचा वास. उन्हात विसरलेल्या रंगपेटीचा.

ती ताठ बसली. लहानपणी बाबांनी तिला डोळे मिटायला लावून शेकडो तेलं हुंगायला लावली होती. "ओल लागलेल्या बियांचं तेल कुबट होतं, आणि उजेडात, हवेत ठेवलेलं तेल खवट," ते म्हणायचे. "दोघंही गेलेलेच. पण एक बुडून गेलेला, एक भाजून."

ती खाली अंगणात गेली. परत आलेले डबे अजून ताडपत्रीखाली पडून होते. तिनं एकाचं झाकण उचकटलं. भिजून वाळलेल्या गोणपाटाचा वास भसकन वर आला.

कुबट. डब्यातलं तेल बुडून मेलं होतं, बाटलीतलं भाजून.

म्हणजे बाटलीत त्या मालाचं तेल नव्हतंच. आणि हे तिला कळलं, तर बाबांना त्या सभेत पहिल्याच श्वासात कळलं असणार.

मग ते का म्हणाले, माझी चूक झाली?

२

तिनं स्वयंपाकघरातला साधा पाण्याचा ग्लास घेतला आणि बाटलीतलं तेल त्यात ओतलं. तेल पारखणाऱ्या कुणी हे कधी केलं नसतं. पारख करायची ती निळ्या काचेच्या कपातून, म्हणजे रंग दिसत नाही आणि पिवळ्याधमक तेलाला माणूस भुलत नाही. संघाच्या सभेतही निळे कपच फिरले. आयुष्यभर रंगाकडे पाहायचं नाही असं शिकलेल्या माणसांनी त्या दिवशीही पाहिलं नाही.

ग्लासातलं तेल जवळजवळ पाण्यासारखं होतं. उन्हानं रंग पिऊन टाकलेलं. आणि ते नितळ होतं. तिनं बाटलीचा तळ उजेडात धरला. गाळाचा कणही नाही.

हे तर त्याहून विचित्र. बाबा नमुना भरत तो घाण्याच्या तोंडाशी, गाळ खाली बसायच्या आधी. इतर परीक्षक हसायचे. बाबा म्हणायचे, "तेल निवलं की शहाण्यासारखं वागतं. मला ते बेसावध असताना बघायचंय." त्यांच्या प्रत्येक बाटलीच्या तळाशी बोटभर चिखल असायचा.

ही बाटली ज्यानं भरली त्यानं गाळलेलं तेल भरलं होतं.

असं तेल कुठे मिळेल, हे शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. घाण्याच्या पुढच्या अंगाला दुकान होतं आणि दुकानाच्या दर्शनी काचेत, रस्त्यावरून दिसाव्या म्हणून, पारदर्शक बाटल्यांची रांग होती. शोभेच्या. विकायच्या नाहीत. दिवसभर ऊन खाऊन त्या सगळ्या फिकुटल्या होत्या.

कोपऱ्यातली एक सोडून. तिच्यातलं तेल मधासारखं पिवळं होतं.

"काय गं, बसनं आलीस ना? डिझेलचा वास येतोय," मागून आवाज आला.

बाटल्या भरणाऱ्या मावशी. ती शाळेत होती तेव्हापासून त्या इथे होत्या. कमरेला फडकं, कपाळाला आठी.

"काल आले मावशी. तेव्हापासून केस दोनदा धुतले."

"मग साबण बदल." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. "कपाट आवरलंस?"

"आवरतेय. मावशी, या काचेतल्या बाटल्या कोण भरतं?"

"मी पुसते. भरतात कोण ते मला काय माहीत. वर्षानुवर्षं त्याच आहेत त्या."

"ही एक नवी आहे."

मावशींनी वाकून पाहिलं. "अरेच्चा." मग त्यांचा चेहरा बंद झाला. "तू हे का विचारतेयस? दादांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं, ते कुणी तरी तुझ्या कानावर घातलं वाटतं."

"नाही. कशावरून झापलं?"

"बुचं ओली होती म्हणून. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. मीही नाकावर माशी बसू दिली नाही. मग आपणच चहा घेऊन आले." त्या फडक्यानं काच पुसू लागल्या, जिथे काही डाग नव्हता तिथे. "नमुन्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, शिक्का खणात उघडा असायचा. संशय घ्यायचा तर घे माझ्यावर. पण त्यांची मान खाली जाईल असं मी काही केलं नसतं."

"आणखी कुणाला त्या कपाटात हात घालता आला असता?"

"काकांना. आणि आठवड्याला येतो ना तो, नळीवाला."

३

नळीवाले म्हणजे आठवड्याला घाण्याचं तेल तपासणारे प्रयोगशाळेतले केमिस्ट. त्यांची खोली लांबट, थंड आणि काचेच्या भांड्यांनी भरलेली होती. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि खिडकी नीट लागत नव्हती. त्यांनी तिला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले.

"तुमचे वडील मला नळीवाले म्हणायचे. तोंडावर."

"आणि तुम्ही त्यांना?"

"नाकवाले. पाठीमागे." ते हसले नाहीत. "आमचं पटायचं नाही. यंत्राला सर्दी होत नाही, मी म्हणायचो. ते म्हणायचे, यंत्राला भूकही लागत नाही. तुम्ही माझ्याकडे का आलात ते कळतंय मला."

"का आले?"

"परवाना गेला तेव्हा सगळ्यात खूश कोण झालं असेल? मी. असंच ना?"

"झालात का?"

ते उघडी राहिलेली खिडकी ओढायला वळले. "सभेत मी म्हणालो होतो, बाटलीतलं थोडं मला द्या, मोजतो. ओल्या बियांच्या तेलात आम्लता चढते. उन्हात बिघडलेल्यात दुसराच आकडा चढतो. तुमचे काका म्हणाले, नाकाचा मामला आहे, नाकानंच मिटू द्या. मीही हात झटकले. म्हटलं, नाहीतरी आपल्याला कोण विचारतं." ते तिच्याकडे वळले. "आणि एक सांगू का ताई? मला बाटली बदलायची असती, तर आकडे जुळतील असं तेल घातलं असतं. चोरी करतानाही माणसाला आपल्या कामाची लाज असते."

बाटली बदलली असं ती त्यांच्याजवळ एका शब्दानंही बोलली नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं, बाटली बदलली म्हणून?"

"तुम्ही विम्यातल्या. घरचं सगळं सोडून पावसात इथवर आलात, ते काय माझी ख्यालीखुशाली विचारायला?" त्यांनी एक नळी उचलली, परत ठेवली. "आणि शिवाय त्या दिवशी नाकवाल्यांचा चेहरा पाहिला होता मी. त्यांनी कप हुंगला. पुन्हा हुंगला. मग तो भावाच्या हातात दिला आणि म्हणाले, तू घे बघू वास. काकांनी घेतला. म्हणाले, दादा, खराबच आहे. तेव्हा तुमचे वडील भावाकडे असे बघत राहिले..."

"असे म्हणजे कसे?"

"माझा मुलगा लहानपणी तापात मला ओळखेना, तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं होतं, तसे. आणि मग ते उभे राहिले आणि चूक झाली म्हणाले."

४

परतीच्या वाटेवर तिनं सगळं पुन्हा क्रमानं लावून पाहिलं.

बाटली बदलणाऱ्याला बिघडलेलं तेल हवं होतं. दारात डब्यांची चळत होती, पण सभा होईपर्यंत तिच्यावर गिऱ्हाइकाची मोहोर होती आणि ती मोजून घेतलेली होती. एक डबा जरी उघडला असता तरी बोभाटा झाला असता. म्हणून त्यानं काचेतली बाटली उचलली. इथवर शहाणपणा. पण हे तेल त्या तेलासारखं वास मारत नाही, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. मावशींना तर केसांतलं कालचं डिझेल कळतं. केमिस्टांनी आकडे जुळवले असते. ज्याला हा फरक कळतो त्याच्या हातून ही चूक होणं शक्य नव्हतं.

उरले काका. पण काकांचा जन्म घाण्यावर गेलेला. त्यांना फरक कळत नाही?

तिला एकेक आठवत गेलं. पारख करताना काका नेहमी हसत म्हणायचे, "दादा, आधी तू बोल. मोठ्यांचा मान." दादांनी चांगलं म्हटलं की चांगलं, वाईट म्हटलं की वाईट. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. त्या सभेत मात्र बाबा आधी बोलले नव्हते, आणि काकांनी नुसतं खराब म्हटलं होतं, कुबट की खवट ते नाही.

घाण्यावर सकाळचं काम उरकलं होतं. तिनं तोटीखाली भांडं धरून ताजं तेल घेतलं, बाबांच्या पेटीतले दोन निळे कप पुसले आणि दोन्हींत तेच तेल ओतलं. मग काकांना हाक मारली.

काका आले. ते एवढ्यात फार वाळले होते. सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता.

"काका, एकात परत आलेल्या डब्यातलं आहे, एकात बाबांच्या बाटलीतलं. मला वाटतं बाबांचं नाक खरंच गेलं होतं. तुम्ही एकदा सांगा, म्हणजे माझ्या मनातून जाईल."

"कशाला उकरतेस पोरी?"

"एकदाच."

त्यांनी कप उचलला. तळहातात धरून ऊब दिली, वरून दुसऱ्या हातानं झाकला, हलकेच फिरवला, मग वरचा हात काढून खोल श्वास घेतला. सगळं बिनचूक, थेट बाबांसारखं. फक्त बाबा डोळे मिटून घेत. काकांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते.

तिनं चेहऱ्यावर दुःख येऊ दिलं. त्यासाठी काही सोंग करावं लागलं नाही.

काकांनी दुसरा कप घेतला, तसाच हुंगला आणि मान हलवली.

"दोन्ही गेलेली. हे तर फारच."

"काका," ती म्हणाली, "दोन्हींत आज सकाळचं तेल आहे. तुमच्याच घाण्याचं. इतकं चांगलं तेल मी कित्येक दिवसांत पाहिलं नाही."

५

काकांनी कप खाली ठेवला. तो ठेवताना पडू नये म्हणून फार काळजी घेतली, जणू आता तेवढंच त्यांच्या हातात होतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तो मोठा ताप आला होता ना मला. तुझी आई होती तेव्हा. ताप उतरला, वास परत आला नाही. म्हटलं येईल. मग सांगायची वेळच निघून गेली." ते घाण्याच्या चौथऱ्यावर बसले. "घाणेवाल्याला वास येत नाही, हे कुणाला सांगायचं? दादा होताच. त्याच्या तोंडाकडे बघितलं की भागायचं."

"बाबांना माहीत नव्हतं?"

"नाही. त्या सभेपर्यंत नाही."

"आणि तो माल?"

"पहिल्या दिवशीचं तेल दादानं पाहिलं, नमुना भरला. मग तो तुझ्याकडे आला. आठवतं? तुझ्या नव्या घरी." तिला आठवत होतं. बाबांनी तिच्या खिडकीला पडदे लावून दिले होते. "मागे मी उरलेलं बी घातलं. छत गळून मागची पोती भिजली होती, वरून सुकलेली दिसली. मी हातानं चाचपून पाहिली, चावून पाहिली. बरी वाटली. दादानं पास केलेलाच माल आहे म्हणून पाठवून दिलं. तो असता तर दारातच ओरडला असता."

"तक्रार आल्यावर सांगायचं होतंत."

"बाटली चांगली निघाली असती तर पहिला प्रश्न हाच आला असता, की मग बाकीचं तेल पाहिलं कुणी? मी पाहिलं म्हटलं असतं, तर माझ्यासमोर कप आला असता." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मला वाटलं बाटलीही खराब निघाली की बियांवर जाईल. व्यापाऱ्यानं बी वाईट दिलं म्हणतील. दादाच्या अंगावर येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि तो उभा राहिला. मी खाली बघत राहिलो. तोंडात गुळणी धरल्यासारखा."

घाणा बंद होता. पत्र्यावरून पाणी गळत होतं, त्याचा तेवढा आवाज.

"मी हे संघाला सांगणार आहे, काका."

"घाणा जाईल. मावशी, बाकीची माणसं, सगळ्यांचं जाईल." त्यांचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "आणि दादानं मला वाचवलं ना? ते त्यानं ठरवलं होतं. तो सगळं समजून गप्प बसला. तू त्याची मुलगी, तू त्याचं मोडणार?"

बाबांना आपलं नाव नको होतं, तर ते तिनं कुणासाठी मागायचं? तिनं दोन्ही कपांतलं तेल परत भांड्यात ओतलं. वर्षानुवर्षं लोकांची बोलणी ऐकून तिला एक खोड लागली होती. बोलणं संपलं असं वाटलं की आणखी एक प्रश्न विचारायचा.

"सभेनंतर बाबा तुमच्याशी काय बोलायचे?"

"काही नाही. शेजारी बसून जेवायचो. जेवताना रोज एकच विचारायचा. तुला काही बोलायचंय का? मी म्हणायचो, नाही दादा, तू जेव. तो..."

ते थांबले. स्वतःचं वाक्य त्यांना आत्ता ऐकू आलं होतं.

"ते गप्प बसले नव्हते," ती म्हणाली. "ते वाट बघत होते. रोज. आणि नाव त्यांनी टाकून दिलं नव्हतं काका, ती बाटली जपून ठेवली होती. तुम्ही बोललात की लगेच दाखवता यावी म्हणून."

काका रडले नाहीत. नुसते श्वास घेत राहिले, तोंडानं, जसे ते नेहमीच घ्यायचे आणि घरात कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मग म्हणाले, "तू नको सांगूस. मी सांगतो."

६

संघाच्या खोलीत लांब टेबल होतं आणि भिंतीला पोपडे आलेले होते. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, घातला आणि पुन्हा काढला. काका उभे राहून बोलले. त्यांनी एकदाच, कुणाकडेही न बघता सांगितलं, "मला वास येत नाही. बाटली मी बदलली. दादाची काहीएक चूक नव्हती."

कुणीतरी मागून म्हणालं, "पण मग ते स्वतः का कबूल झाले?" केमिस्ट उठून टेबलाशी आले, तिनं आणलेलं ग्लासातलं फिकट तेल त्यांनी पुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे आता मी मोजू का?" कुणी नाही म्हटलं नाही.

अध्यक्षबाईंनी बाबांवरचा ठपका काढून टाकल्याचं मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना त्यांनी बाबांचा उल्लेख "आमचे परीक्षक" असा केला, जणू ते शेजारच्या खोलीत चहा घेत होते. तिनं मान खाली घातली. तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर बरं वाटेल. तसं काही झालं नाही. जे झालं ते एवढंच, की आता आणखी काही करायचं उरलं नाही, आणि बाबा नाहीत ही गोष्ट तिला पहिल्यांदाच कशाच्याही आडोशाशिवाय दिसली.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. थोड्या वेळानं काका आले आणि अंतर राखून बसले. घाण्याचं काय करायचं ते पुढच्या बैठकीत ठरणार होतं.

"पोरी," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "आत वास कसला येत होता?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कुणाला विचारता आलं नव्हतं. गप्प राहावं असं तिला वाटलं. तेवढा तिचा हक्कही होता.

"फिनेलचा," ती म्हणाली. "ओल्या कोटांचा. कुणीतरी संत्रं सोललं होतं."

काकांनी मान डोलावली, हळूहळू, एकेक गोष्ट वेगळी धरून ठेवावी तशी.

ती उठली, छत्री उघडली.

"बसपर्यंत येऊ?"

"नको, काका," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून पावसात चालू लागली.